वयस्कर माणसासाठी साधा फोन: कसा निवडावा, कसा लावून द्यावा

ज्येष्ठांसाठीचा म्हणून विकला जाणारा फोन बऱ्याचदा नेहमीचाच स्वस्त बटणांचा फोन असतो. आकडे जरा मोठे छापलेले, पाठीवर एक लाल बटण, आणि आत मेनू मात्र तोच जुना गुंतागुंतीचा. त्यामुळे खोक्यावरचं वाचून ठरवण्यात अर्थ नाही. ज्यांना फोन द्यायचा आहे त्यांच्या शेजारी बसा आणि ते आत्ताचा फोन कसा वापरतात हे मधे न बोलता बघा. रिंग उशिरा ऐकू येते का? एकच आकडा दोनदा उमटतो का? बोलून झाल्यावर फोन कट होतो की तसाच चालू राहतो? स्क्रीन वाचताना फोन लांब धरतात की डोळ्यांजवळ आणतात? जिथे अडतं तेवढंच नव्या फोनने सोडवायचं. बाकी सगळं शक्य तितकं जुन्यासारखं राहू द्यायचं.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असेल तर फोन बदलूच नये हे बरं. हाताला लागलेली सवय बराच काळ टिकते, नवी सवय लागणं मात्र फार अवघड होऊन बसतं. जुना बिघडला तर तेच मॉडेल शोधा, वापरलेलं मिळालं तरी चालेल. फोन धड आहे तोवरच एक जादा सेट घेऊन ठेवला तर आणखी चांगलं. आणि जे फारसे घराबाहेर पडत नाहीत, ज्यांची उभी हयात लँडलाइनवर गेली, त्यांच्यासाठी सिम घालायचा टेबलावरचा फोन मिळतो: रिसिव्हर उचलला की बोलायचं, ठेवला की फोन बंद. हा पर्याय घरच्यांना सुचतच नाही.

आधी नेटवर्क, मग बटणं

फोन कितीही सोपा असला तरी कॉलच लागत नसेल तर व्यर्थ. जुनी २जी आणि ३जी नेटवर्क अनेक देशांत एकेक करून बंद होत आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ पर्यंत बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये गेलं. म्हणून आज २जीवरच चालणारा फोन घेणं म्हणजे थोड्याच दिवसांत दुसरी खरेदी ओढवून घेणं.

नुसतं ४जी लिहिलेलं असून भागत नाही. काही फोन इंटरनेटपुरतं ४जी वापरतात आणि कॉल लावताना खाली २जी किंवा ३जीवर उतरतात. ती जुनी नेटवर्क बंद झाली की अशा फोनवर इंटरनेट चालतं, पण कॉल लागत नाही. खोक्यावर 'व्होल्टी' (VoLTE, म्हणजे कॉलही ४जीवरूनच) असल्याची खात्री करा आणि तुमच्या सिम कंपनीवर ते त्या मॉडेलमध्ये चालतं का, हेही विचारा. परदेशातून कोणी आणून दिलेल्या फोनच्या बाबतीत हे विचारणं जास्तच गरजेचं, कारण तिथले फ्रिक्वेन्सी बँड तुमच्याकडच्या बँडशी जुळतीलच असं नाही.

व्होल्टीचा दुसरा फायदा कानाचा आहे. वय वाढतं तशी उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची क्षमता आधी कमी होते, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. "बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार तिथूनच येते. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचतो, तर व्होल्टीवरच्या एचडी कॉलमध्ये सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत. दोन्ही बाजूंचे फोन आणि नेटवर्क त्याला जुळणारे हवेत, पण जुळले की फरक लगेच जाणवतो. आवाज नुसता मोठा केल्याने तो मिळत नाही.

श्रवणयंत्र असेल तर माहितीपत्रकात एम आणि टी ही अक्षरं शोधा. एम म्हणजे यंत्राच्या माइकमधून ऐकताना, टी म्हणजे त्यातल्या टेलिकॉइलवरून (फोनचा आवाज माइकविना थेट पकडणाऱ्या छोट्या तारेच्या वेटोळ्यावरून) ऐकताना फोन कितपत जुळतो ते. दोन्हीकडे ३ किंवा ४ असावं. नव्या मॉडेलांवर कधीकधी अक्षरांऐवजी नुसतं श्रवणयंत्राशी सुसंगत असल्याचं लिहिलेलं असतं. २जीवर बोलताना श्रवणयंत्रात जी घरघर येते ती ४जीवर बरीच कमी होते. तरीही खरेदी करण्याआधी यंत्र कानात घालून एक खरा कॉल करून बघाच.

हातात घेऊन काय तपासायचं

बटणांचा आकार सगळे बघतात, त्यांच्यातली फट कोणी बघत नाही. एकसंध रबरी किंवा काचेसारख्या गुळगुळीत पट्टीवर आकडे मोठे असले तरी बोट कुठे संपलं ते कळत नाही. प्रत्येक बटण वेगळं, मधे किंचित फुगीर आणि दाबल्यावर 'टक्' लागणारं हवं. ५च्या बटणावरचा उंचवटा डोळे मिटून लागतो का बघा, कारण नजर अधू असणारे त्यावरूनच बाकीचे आकडे शोधतात. कॉल घेण्याचं हिरवं आणि तोडण्याचं लाल बटण आकाराने किंवा जागेनेही वेगळं असावं. रंग अंधारात आणि मोतीबिंदूत दगा देतात. काही फोनमध्ये लाल बटणच फोन बंद करण्याचंही असतं: जरा जास्त वेळ दाबलं गेलं की फोनच बंद. असं मॉडेल टाळा, नाहीतर त्या बटणाचं हे काम सेटिंगमधून काढता येतं का ते बघा.

घडीचा फोन चांगला, पण सगळ्यांना नाही. उघडला की कॉल सुरू, मिटला की बंद, खिशात बटणं दाबली जात नाहीत, बोलून झाल्यावर कॉल चालू राहण्याचा प्रश्न मिटतो. मात्र संधिवाताच्या बोटांना बिजागरी ताठ लागते. एका हाताने, अंगठ्याने उघडता येतो का हे त्यांच्याच हातून करवून घ्या, तुमच्या नव्हे. बाहेरच्या बाजूला छोटी स्क्रीन असेल तर कोणाचा फोन आहे ते उघडण्याआधी दिसतं. नसेल तर उघडताक्षणी कॉल सुरू होतो, अनोळखी असला तरी.

टचस्क्रीनचा हट्ट कोणी धरला तर एक लक्षात घ्या. बोटाची त्वचा कोरडी पडली की स्पर्श नोंदला जात नाही, हात कापत असेल तर एका टिचकीच्या दोन होतात, आणि बोट रेंगाळलं तर फोन ते 'दाबून धरलं' असं समजतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये हा कालावधी वाढवता येतो. आयफोनवर २०२३ च्या आयओएस १७ पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस' ही मोठ्या चौकोनांची सोपी मांडणी मिळते. व्हिडिओ कॉल हवा असेल तर असा फोनच घ्यावा लागतो. बटणांच्या फोनमध्ये तो मिळेल या आशेवर कायओएसचा (ॲप चालवणाऱ्या बटणांच्या फोनमधल्या प्रणालीचा) सेट घेऊ नका. त्यावर व्हॉट्सॲप नव्याने घेण्याची सोय २०२४ मध्येच बंद झाली.

दोन सिमचा फोन शक्यतो नको. कॉल लावताना "सिम १ की सिम २?" हा प्रश्न येतो आणि तिथेच माणूस थांबतो. एकच सिम घालून दुसरा खाचा सेटिंगमधून बंद करता येत असेल तर ठीक. सिमचा आकारही बघा. जुन्या फोनमधलं सिम २५ × १५ मिमीचं असतं, नव्या फोनला बहुधा नॅनो, म्हणजे १२.३ × ८.८ मिमीचं लागतं. कात्रीने कापण्यापेक्षा कंपनीकडून त्याच नंबरचं नवं सिम घ्या. छोटं सिम मोठ्या खाच्यात बसवणारी प्लास्टिकची चौकट आत अडकते आणि काढताना खाच्यातल्या पिना वाकतात.

चार्जिंग हा रोजचा प्रसंग. मायक्रो-यूएसबी एकाच बाजूने जातं, ते उलटं घुसवल्याने पिना मोडतात आणि "फोन चार्जच होत नाही" सुरू होतं. टाइप-सी दोन्ही बाजूंनी जातं. सगळ्यात सुखाचं म्हणजे फोन नुसता ठेवायचा चार्जिंग स्टँड. बॅटरी काढता येणारी असावी. ती फुगून मागचं झाकण उचलू लागली तर फोन वापरणं लगेच थांबवा आणि नवी घाला, दाबून बसवू नका.

पेसमेकर असेल तर फोन त्यापासून निदान १५ सेंटीमीटर लांब राहायला हवा. म्हणजे सदऱ्याच्या वरच्या खिशात नाही, गळ्यात छातीवर लोंबता नाही, आणि बोलताना पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला. चुंबक असलेले स्टँड आणि कव्हरही याच नियमात येतात.

एसओएस बटणाची खरी परीक्षा

एसओएस म्हणजे अडचणीत मदत मागायचं बटण. हे बटण दाबून धरलं की बहुतेक फोन भोंगा वाजवतात, ठरवलेल्या नंबरांना मेसेज पाठवतात आणि एकामागून एक कॉल लावत जातात. गडबड होते ती व्हॉइसमेलमुळे, म्हणजे फोन न उचलल्यास निरोप नोंदवून घेणाऱ्या सेवेमुळे. पहिल्या माणसाचा फोन बंद असला आणि व्हॉइसमेलने 'उचलला', तर आपला फोन समजतो की मदत मिळाली, आणि पुढच्या नंबरकडे जातच नाही. चांगल्या मॉडेलमध्ये उचलणाऱ्याला एखादा आकडा दाबून होकार द्यावा लागतो. ती सोय नसेल तर यादीतल्या प्रत्येकाने आपला व्हॉइसमेल बंद करून घ्यावा.

पहिला नंबर सर्वांत जवळ राहणाऱ्याचा टाका, सर्वांत लाडक्याचा नव्हे. पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा नंबर या यादीत नको, चुकून दाबलं गेलं की नाहक कॉल जातो. बटण पृष्ठभागापेक्षा वर आलेलं असेल तर बसता-उठता दाबलं जातं, आणि चार खोट्या हाकांनंतर घरचे पाचवी गंभीरपणे घेत नाहीत. ते किंचित खोलगट असावं, २-३ सेकंद धरावं लागावं. सगळ्यांना आधी सांगून, एकदा पूर्ण फेरी चालवून बघा. मेसेज पाठवायला सिममध्ये बॅलन्स लागतो, हे त्या वेळीच कळलेलं बरं.

हातात देण्याआधी

हे सगळं तुम्ही करून द्यायचं. फोन हातात पडेल तेव्हा तो तयार असला पाहिजे.

१. नंबर जुनाच ठेवा. बँक, दवाखाना, नातेवाईक, सगळ्यांकडे तोच आहे.

२. नंबर सिममध्ये न साठवता फोनमध्ये साठवा. सिममध्ये नावाला थोडीच अक्षरं मिळतात आणि लांब नावं तुटतात. अधिक चिन्ह आणि देशाचा कोड घालून साठवा. यादी १०-१२ नावांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि ते ज्या नावाने हाक मारतात तेच नाव घाला: आडनावासकट लिहिलेला भाचा त्यांना सापडत नाही.

३. वेगवान डायल लावा, म्हणजे एक आकडा दाबून धरला की ठरलेला नंबर लागतो. १ हे बटण सहसा व्हॉइसमेलसाठी राखलेलं असतं, म्हणून २ पासून. एका कागदावर आकडा आणि नाव मोठ्या अक्षरांत लिहून फोन ठेवायच्या जागी चिकटवा.

४. मोबाइल डेटा बंद करा. मधल्या किंवा बाणाच्या बटणावर इंटरनेट उघडत असेल तर ते बदलून फोनबुक ठेवा. अंदाजाने शब्द सुचवणारी टायपिंगची सोयही बंद.

५. स्क्रीनचा प्रकाश किमान ३० सेकंद टिकू द्या. अक्षरं सर्वांत मोठी, पार्श्वभूमी एकरंगी. फुलांच्या चित्रावर वेळ वाचता येत नाही.

६. रिंगटोन जाड, खालच्या पट्टीतली घ्या. बारीक किणकिण कानात शिरतच नाही. कंपन चालू ठेवा.

७. कीपॅड लॉक बाजूच्या सरकत्या बटणाचं असेल तर उत्तम. दोन बटणांच्या जोडीचं कुलूप बहुतेकांना उघडत नाही, तिथे लॉक बंद करून घडीचं कव्हर वापरलेलं परवडतं.

ओळखीच्या नंबरांचेच कॉल घेण्याची सोय काही फोनमध्ये असते. फसवणुकीचे कॉल त्याने थांबतात, पण दवाखान्याचा आणि घरपोच सामान आणणाऱ्याचा कॉलही थांबतो. दवाखान्याचे सगळे नंबर आधी साठवल्याशिवाय ती चालू करू नका.

शिकवताना एका बैठकीत दोनच गोष्टी: आलेला फोन घेणं आणि तोडणं. शेजारच्या खोलीतून खरे कॉल करा. मधे हात घालून स्वतः बटण दाबू नका, बोट त्यांचंच राहू द्या. दोन दिवसांनी वेगवान डायल. मेसेज वाचणं त्यानंतर, लागलं तर.

"फोन बिघडलाय" म्हणाले तर

बिघाड क्वचितच असतो. फोन वाजत नसेल तर आधी सायलेंट बघा. अनेक बटणांच्या फोनमध्ये हॅशचं बटण दाबून धरलं की फोन मुका होतो, आणि ते नकळत होतं. मग बाजूच्या बटणांनी रिंगचा आवाज शून्यावर गेला आहे का, फ्लाइट मोड लागला आहे का, आणि शेवटी कॉल दुसरीकडे वळवलेले आहेत का.

आवाज बारीक येत असेल तर कॉल चालू असतानाच आवाज वाढवून बघा, कारण रिंगचा आणि बोलण्याचा आवाज वेगवेगळा असतो. तरीही नाही, तर फोन कानाला कसा धरतात ते बघा. ऐकण्याची फट अरुंद असते, आणि फोन जरा खाली सरकला तरी ती कानावर येत नाही. त्या फटीत धूळ आणि मळही साचतो, कोरड्या मऊ ब्रशने तो निघतो. सुई लावू नका.

बॅटरी एका दिवसात संपत असेल तर टॉर्च चालू राहिला आहे का बघा. त्याचं वेगळं बटण असेल तर ते पिशवीत दाबलं जातं.

मेसेज येणं अचानक थांबलं, विशेषतः बँकेचे ओटीपी, तर इनबॉक्स भरला आहे. साध्या फोनमध्ये मेसेजसाठी जागा मर्यादित असते, भरली की नवे मेसेज आत येत नाहीत. जुने जाहिरातींचे मेसेज काढून टाका, आणि भेटायला जाल तेव्हा दर खेपेला तेवढं करत जा.