एनआरव्ही बसवला तरी पाणी उलटं जातं? या चुका टाळा

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नळाला ठरावीक वेळच पाणी असतं, आणि उलट्या प्रवाहाचा खरा धोका त्यातच आहे. पाणी बंद झालं की रस्त्यातली लाइन उतरते, आत पोकळी होते आणि जोडलेल्या लाइनींमधून मिळेल ते पाणी ती मागे ओढते. ते अडवायला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, लावतात. पण कसा लावतात ते पाहिलं की जीव जळतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बोअर आणि पालिकेची लाइन एकमेकींना जोडायची आणि मध्ये एनआरव्ही टाकून मोकळं व्हायचं. पुण्यातल्या एका सोसायटीशेजारच्या बंगल्यात दुपारी स्वयंपाकघरातल्या नळाला मचूळ पाणी यायचं. डाळ शिजेना, म्हणून काकूंच्या लक्षात आलं. नळ थेट पालिकेच्या लाइनवरचा. सोसायटीचा प्लंबर ठाम: "आमच्याकडे एनआरव्ही आहे, आमचं पाणी बाहेर जाणारच नाही." पालिकेचं पाणी बंद असताना मी बोअरचा पंप चालू करायला लावला. थोड्याच वेळात काकूंच्या नळाला धार आली.

एनआरव्हीचं टोपण उघडलं, तर आत टेफ्लॉन टेपची चिंधी पिनेला गुंडाळलेली. फ्लॅप, म्हणजे आतली झडप, एका बाजूने सीटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर, टेकतच नव्हता, नखभर फट राहिली होती. जोडणीनंतर लाइन धुऊन न काढता व्हॉल्व्ह चढवला की हेच होतं. प्लंबर म्हणाला, साफ करून परत लावू. मी लावू दिला नाही. दोन्ही लाइनी तोडून खालच्या टाकीत वेगवेगळ्या सोडल्या, पाणी वरून मोकळं पडेल अशा. पाइपचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या दुप्पट वर हवं, आणि कधीही २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. इंची पाइपला दोन इंच. या मोकळ्या जागेत अडकायला फ्लॅप नाही आणि गंजायला स्प्रिंग नाही. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, पाणी वापरणाऱ्या फ्लशच्या टाकीत ताजं पाणी घ्यायचं असेल तर हाच एक मार्ग. तिथे एनआरव्हीवर भरवसा ठेवणाऱ्याचं काम मी घेत नाही.

बसवतानाच्या चुका थोडक्यात सांगतो. बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, हे अजून सांगावं लागतं. फ्लॅपवाला व्हॉल्व्ह आडव्या पाइपवर टोपण वर ठेवून बसवा. उभ्या पाइपवर पाणी खालून वर जात असेल तरच चालतो. एल्बोला किंवा पंपाला चिकटवू नका, व्यासाच्या पाचपट तरी सरळ पाइप मध्ये सोडा. सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपला जोड चिकटवायचं सोल्यूशन थापू नका, ओघळ आत गेला तर फ्लॅप जागीच चिकटतो. पंप बंद होताना लाइनीत हातोडा बसल्यासारखा आवाज येत असेल तर स्प्रिंगवाला घ्या. आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, द्या. युनियनचे पैसे वाचवणारा माणूस पुढे पाइप कापत बसतो.

आता टेस्टिंग. "पंप बंद केला, पाणी मागे आलं नाही, झालं" याला मी टेस्ट मानत नाही. गेट व्हॉल्व्ह आणि एनआरव्हीच्या मध्ये अर्ध्या इंचाचा छोटा कॉक ठेवायची मला सवय आहे. पुढच्या बाजूला, म्हणजे टाकीकडे, दाब असताना पुरवठ्याकडचा गेट व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कॉक उघडायचा. मधलं पाणी निघून गेलं की धार थांबली पाहिजे. थेंब चालूच राहिले तर एक तर गेट व्हॉल्व्ह पाणी सोडतोय किंवा एनआरव्ही. आधी गेट व्हॉल्व्हची खात्री करा, उगाच चांगला एनआरव्ही फेकू नका. दहा मिनिटं तिथे उभं राहा. घाईतली मुलं अर्ध्या मिनिटात "ओके" म्हणतात आणि चहाला जातात. वरची टाकी भरलेली असताना एकदा आणि जवळपास रिकामी असताना एकदा, अशी दोनदा टेस्ट घ्या. टाकीकडून उलटा दाब जास्त असला की फ्लॅप घट्ट बसतो. दाब कमी झाला की तोच झिरपतो, आणि हे पहिल्या टेस्टमध्ये कळत नाही.

कमोडजवळचा जेट स्प्रे बादलीत बुडवून ठेवू नका. बागेची नळी ड्रममध्ये सोडून जाऊ नका. पालिकेच्या लाइनला थेट पंप लावू नका; रस्त्यातल्या फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी ओढलं जातं, तुमच्याही घरात आणि शेजाऱ्याच्याही.

टेस्टची तारीख मी ऑइलपेंटने पाइपवरच लिहितो. पावसाळ्याआधी टाक्या धुतात, त्याच दिवशी एनआरव्हीचं टोपण उघडून आतलं रबर बघायचं. कडक झालं असेल तर तिथेच बदलायचं.