बुदुरुवागल आणि मालिगाविला: श्रीलंकेतल्या आडवाटेच्या बुद्धमूर्ती

एल्ला या श्रीलंकेतल्या डोंगराळ गावी येणारे बरेच प्रवासी बुदुरुवागल आणि मालिगाविलाच्या मूर्ती न पाहताच परततात. त्या पाहायच्या तर सकाळी लवकर एल्लाहून वेल्लवाया या गावाची बस धरा. तिकीट कंडक्टर बसमध्येच देतो, त्यामुळे श्रीलंकन रुपयांच्या सुट्या नोटा हव्यात.

बुदुरुवागल वेल्लवायाच्या दक्षिणेला आहे. बस हमरस्त्यावरच्या फाट्यावर सोडते आणि पुढचे काही किलोमीटर भर उन्हात चालावे लागतात. म्हणून वेल्लवायातूनच रिक्षा ठरवा. भाडं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून आधीच बोला, नाहीतर परतताना वाहन मिळत नाही.

एकाच कातळात सात आकृती आहेत. मधला बुद्ध सुमारे 15 मीटर उंच. घाईत फोटो काढून निघू नका. अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या (बुद्धत्वाच्या वाटेवरच्या पूज्य विभूतीच्या) अंगावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष दिसतात, उजवीकडच्या तीन आकृतींत वज्रपाणी या बोधिसत्त्वाच्या हातातलं वज्र ओळखता येतं. थेरवाद हा बौद्ध पंथ मानणाऱ्या देशातलं हे महायान या दुसऱ्या बौद्ध पंथाचं शिल्प आहे, म्हणूनच ते इतकं मोलाचं.

तिथून बुत्तलामार्गे मालिगाविला. कोसळून तुकडे झालेली चुनखडीची सुमारे 11 मीटरची बुद्धमूर्ती इथे पुन्हा उभी केली आहे. जवळच दंबेगोडाची बोधिसत्त्वमूर्ती आहे, तीही चुकवू नका.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला, टोपी काढायची; दगड दुपारी पोळतो, मोजे चालतात. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी घेणं इथे अपमान समजतात. पोया म्हणजे पौर्णिमेला सुट्टी असते, बस खचाखच भरतात. तो दिवस टाळलेला बरा.