सातबारा जोडून अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज

बारावीनंतर अमेरिकेत पदवीचं शिक्षण घ्यायचं आणि घरून जवळजवळ काहीच न्यायचं नाही, हे होऊ शकतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आमचं सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. आज मी अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकते आणि खर्चाचा बहुतेक सगळा भार कॉलेज उचलतं. सुट्टीत गावी आले की आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, सॅटला किती स्कोअर पाहिजे?" सॅट ही तिथल्या कॉलेज-प्रवेशासाठीची परीक्षा, आणि तिचा स्कोअर बऱ्याच ठिकाणी लागतोच. पण आपल्यासारख्या घरातला अर्ज अडतो तो वेगळ्याच जागी. घरात पैसा किती येतो, कुठून येतो, कुठे जातो, हे कधी पऱ्हाटी न पाहिलेल्या माणसाला कागदावर पटवून द्यावं लागतं. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहिते.

कॉलेजांची यादी रँकिंग बघून करू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर परदेशी विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं पान असतं, ते आधी वाचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं प्रवेश ठरवताना परदेशी मुलाचीही ऐपत बघत नाहीत आणि प्रवेश दिला तर गरज असेल तेवढी पूर्ण मदत देतात. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. पण हार्वर्ड किंवा एमआयटीत अर्ज करणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, तेव्हा सगळी भिस्त यांच्यावर ठेवू नका. विल्यम्स, स्वार्थमोर, व्हॅसर, मॅकलेस्टर, मुलींसाठी माउंट होल्योक ही नीड-अवेअर कॉलेजं. म्हणजे तुम्ही किती मदत मागता याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ शकतो, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. माझी यादी मुख्यतः याच गटातली होती. सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेनुसार मदत सहसा देत नाहीत. बर्कलेचं नाव कितीही मोठं असलं तरी आपल्या घरच्या हिशेबात ते बसत नाही.

खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च वाचून पोटात गोळा येतो. बऱ्याच ठिकाणी तो आता ९०,००० डॉलरच्या वर गेला आहे. तो आकडा बघून पान बंद करू नका. पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजात तुमच्या घराने किती द्यायचं ते महत्त्वाचं, आणि ते तुमच्या कागदांवरून ठरतं.

नागपुरातल्या एका सल्लागाराने मला सांगितलं होतं, "आधी मदत नको म्हणून टिक करा, प्रवेश झाला की मागू." हा सल्ला घातक आहे. परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत असतो. शिवाय व्हिसाच्या आधी पैसा दाखवावाच लागतो, तो कुठून दाखवणार? मदत मागायला संकोच वाटणारी मुलं मला भेटतात. त्यांना मी सांगते, १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच.

आता कागद. फाफ्सा नावाचा फॉर्म ऐकला असेल, तो आपल्यासाठी नाही, अमेरिकेच्या सरकारी मदतीसाठी आहे. आपल्याला बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरची आर्थिक स्थिती कॉलेजांना कळवणारा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर फी आहे. कॉलेजच्या मदत विभागाला साधा मेल करा : वडील शेतकरी आहेत, फी परवडत नाही, फी-माफीचा कोड मिळेल का? अनेक कॉलेजं कोड देतात, काही त्याऐवजी स्वतःचा फुकटचा फॉर्म पाठवतात. प्रवेश अर्जाच्या फीसाठी, अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करता येतो त्या कॉमन अ‍ॅपमध्येच माफी मागायची सोय आहे.

सीएसएसमध्ये रकमा रुपयांत भरता येतात. खरी अडचण पुढे येते. कॉलेज आई-वडिलांचा टॅक्स रिटर्न मागतं आणि शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे बाबांनी रिटर्न कधी भरलेलाच नव्हता. अशा वेळी रिटर्न भरत नसल्याचं सही केलेलं निवेदन द्यायचं आणि त्याला पुरावे जोडायचे. मी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, बाबांच्या पासबुकाची पानं आणि कापूस विकल्याच्या हिशेबपट्ट्या जोडल्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते घरच्यांनी केलेलं चालतं की नाही ते कॉलेजला आधी विचारा. माझं आमच्या इंग्रजीच्या सरांनी तपासून सही करून दिलं आणि ते चाललं.

पण नुसते कागद बोलत नाहीत. त्यांच्यासोबत मी एक पानभर पत्र लिहिलं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम त्याने केलं. त्यात हिशेब होता. चार एकर पऱ्हाटी, एकरी सहा क्विंटल, म्हणजे २४ क्विंटल. क्विंटलला ७,००० रुपये भाव, हाती १,६८,०००. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी. एकट्या वेचणीचे किलोला १० रुपयांप्रमाणे २४,०००. दोन एकर तुरीचा असाच हिशेब. मग सोसायटीचं पीककर्ज, जे सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा म्हणून दिसतं. पाऊस गेला की एकरी तीन क्विंटलही येत नाहीत, हेही लिहिलं आणि मागच्या वर्षीची पट्टी जोडली.

जमिनीची किंमत हा या फॉर्ममधला सगळ्यात नाजूक रकाना. सहा एकरांची बाजारभावाने किंमत चाळीस लाखांच्या वर जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं, अरे, यांच्याकडे तर संपत्ती आहे! किंमत खरी तीच लिहा. सोबत स्पष्ट करा की हे वावर विकलं तर घराचं उत्पन्नच संपतं. सातबारा आजोबांच्या नावावर असेल आणि त्यात काकांचा वाटा असेल तर वडिलांच्या हिश्श्याची जमीन किती तेही लिहा. तहसीलच्या दाखल्यावरचा आकडा आणि तुमचा हिशेब जुळत नसेल तर तो फरक का पडला ते दोन ओळींत सांगा. आकडा कुठेही वाकवू नका. तपासणारी माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतात, आणि एक विसंगती सापडली की बाकीच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो.

घरचे किती देऊ शकतील, हाही प्रश्न असतो. आई-बाबांसोबत बसून खरा आकडा ठरवा. आम्ही वर्षाला पन्नास हजार रुपये लिहिले.

वेळेचं गणित आपल्याकडे अवघड आहे. अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकरच्या अर्जाची, मुदत साधारण १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकी वेचणीची घाई. त्यावर बारावीच्या प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारीतली बोर्डाची परीक्षा. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला सुरू होतं, तेव्हा कागद आणि पत्र पोळ्याच्या आत तयार ठेवा. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन असतं, पण मिळालेली मदत पुरत नसेल तर कॉलेज सहसा त्यातून सोडतं.

सॅट आता लॅपटॉपवर होते आणि तिची फी-माफी भारतात राहणाऱ्या भारतीय मुलांना नाही. काही कॉलेजांत ती ऐच्छिक आहे, एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी पुन्हा सक्तीची केली आहे. इंग्रजीसाठी डुओलिंगोची परीक्षा टोफेलपेक्षा बरीच स्वस्त आणि घरून देता येते, पण मधे नेट गेलं तर परीक्षा अर्धवट राहते. गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मी ती तालुक्याला मावशीकडे बसून दिली.

शिफारसपत्रासाठी सरांना नुसती विनंती करून भागत नाही. त्यांना लिंकवरून स्वतः लॉगिन करून पत्र टाकावं लागतं. आमच्या सरांनी आधी लिहिलं होतं, 'आज्ञाधारक आणि कष्टाळू विद्यार्थिनी'. अशी पत्रं तिथे ढिगाने येतात. मी त्यांना विनंती केली की सर, ज्या दिवशी प्रयोगशाळेत साहित्य नव्हतं आणि आपण बाटल्यांवर प्रयोग केला, ते लिहा. त्यांनी लिहिलं, फार सुंदर लिहिलं. कौन्सेलरच्या (शाळेतल्या मार्गदर्शकाच्या) जागी प्राचार्यांचं नाव चालतं. आपल्या ज्युनिअर कॉलेजची माहिती देणारं एक पानही त्यांच्याकडून जायला हवं : बोर्ड कोणतं, माध्यम मराठी, विद्यार्थी किती, आजवर कुणी परदेशी अर्ज केला आहे का. नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात, तर जिल्हा परिषदेच्या किंवा जुन्या शाळेत त्या आधीच मागून ठेवा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, त्यामुळे स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते पाहा.

अर्जातल्या उपक्रमांच्या दहा जागा बघून मुलं घाबरतात, कारण आपल्याकडे डिबेट क्लब नाही की रोबोटिक्स नाही. त्या यादीत 'घरच्या जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकार आहे. वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. माझ्या एका नोंदीत होतं : शाळेआधी आणि सुट्टीत कापूस वेचणे, मजुरांच्या मजुरीचा हिशेब वहीत ठेवणे, धाकट्या भावाचा अभ्यास घेणे. हे खरं काम आहे आणि तिथे ते कामच समजलं जातं.

निकाल मार्चअखेरीस येतात आणि १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. मदतीचं पत्र ओळ न् ओळ वाचा. ग्रँट परत करायची नसते, कर्ज परत करायचं असतं, आणि कॅम्पसवरची नोकरी म्हणजे तुम्ही कमवायचे पैसे, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. विमानाचं तिकीट आणि आरोग्य विमा त्यात आहे का ते विचारा. सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट : ट्यूशन फीवरच्या मदतीला कर नाही, पण राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या ग्रँटवर परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत १४ टक्के कर लागू होतो. काही कॉलेजं तो भार स्वतः घेतात, काही तुमच्याकडून वसूल करतात. होकार कळवण्याआधी मेल करून हे लेखी घ्या. मग आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, व्हिसाची १८५ डॉलर फी, आणि विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईचा कॉन्सुलेट. व्हिसाच्या मुलाखतीत खर्च कोण करणार असं विचारतील तेव्हा आय-२०वर कॉलेजच्या मदतीचा जो आकडा छापला आहे, तोच सांगा.