तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नसेल तर काय करावे: कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यात चहासाठी पंधरा मिनिटे थांबते आणि मग काही केल्या सुरू होत नाही, हा अनुभव जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना नवा नाही. अर्ध्यापाऊण तासाने तीच गाडी काही झालेच नव्हते अशी चालू होते, त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दाखवायला दोष शिल्लक राहत नाही. मग अंदाजाने आधी कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) बदलली जाते, पुढच्या खेपेला पंप, आणि घाटात गाडी पुन्हा तशीच अडते. हा दोष गाडी तापलेली असताना, जिथे अडली तिथेच तपासावा लागतो. त्यासाठी लागणारी हत्यारे डिकीत मावतात: प्लगपाना, एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, जाड कापड आणि पाण्याची बाटली.

आधी कारण समजून घ्यावे. इंजिन चालू असताना पाणी फिरत असते, पंख्याचा वारा लागत असतो आणि टाकीतून तुलनेने थंड पेट्रोल सतत येत असते. किल्ली बंद करताच या तिन्ही गोष्टी थांबतात, पण तापलेल्या बिडाच्या ब्लॉकमधली उष्णता जागेवरच असते, म्हणून बॉनेटखालचे तापमान इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे उलट वाढत जाते. अँबेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला असल्यामुळे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, जणू शेगडीवरच बसवलेला असतो. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक 35 ते 40 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. कार्ब्युरेटरच्या बाउलमधले, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या भांड्यातले, पेट्रोल उकळले की एकतर ते जेटमधून (बारीक छिद्रातून) मॅनिफोल्डमध्ये उतरून गाडी ओव्हर होते, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचते, किंवा बाउल रिकामा होतो. शिवाय इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली पेट्रोल आणखी लवकर उकळते. नळीत अशी वाफ धरली की पंपाचा पडदा वाफच दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि तो दाबाखाली पेट्रोल ढकलतो, म्हणून त्यांना हा त्रास क्वचितच होतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून त्रास वाढला, ही जुन्या मालकांची तक्रार निराधार नाही. इथेनॉल एकटे 78 अंशांना उकळते. परंतु पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर ते मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने खराब होतात ते वेगळेच.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे सेल्फचा आवाज ऐकणे. इंजिन जड, रखडत फिरत असेल तर पेट्रोलचा विचार बाजूला ठेवावा. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज 9.6 च्या खाली जाते का ते पाहावे. जात असेल तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. जात नसेल तर बॅटरीची टोके, इंजिनाची अर्थिंग आणि सेल्फकडे जाणारी जाड केबल साफ करून घट्ट करावी. एवढे करूनही गरम इंजिनावर सेल्फ रखडत असेल तर सेल्फ उघडून कार्बन ब्रश आणि बुशिंग पाहावे लागते.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर किल्ली बंद करून एअर फिल्टर काढावा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पाहावे. या वेळी जवळपास कोणी सिगारेट ओढत नाही याची खात्री करावी आणि एक्झॉस्टला हात लागू देऊ नये. चोकची झडप (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी) पूर्ण उघडी आहे का ते पाहावे, कारण चोकची केबल अडकून झडप अर्धवट बंद राहणे हेच अनेकदा साऱ्या त्रासाचे मूळ निघते. मग ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदाच हलवावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर बाउलमध्ये पेट्रोल आहे. काहीच उडाले नाही तर बाउल रिकामा असण्याची शक्यता मोठी. काही जुन्या अँबेसेडरवर असलेल्या एसयू कार्ब्युरेटरला ही पिचकारी नसतेच, म्हणून तिथे प्लग काढून पाहावा: ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग गाडी ओव्हर झाल्याचे सांगतो, कोरडा प्लग पेट्रोल पोहोचत नसल्याचे.

गाडी ओव्हर झाली असेल तर चोकला हात लावू नये. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून तसाच धरून ठेवावा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडते. ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा दाबणे ही इथली सर्वांत मोठी आणि सर्वांत सवयीची चूक आहे, कारण प्रत्येक दाबाबरोबर आणखी पेट्रोल आत जाते. दोन प्रयत्नांच्या मध्ये सेल्फला किमान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी.

बाउल रिकामा असेल तर टाकीचे झाकण एकदा उघडावे. हवा आत खेचली गेल्याचा जोराचा आवाज आला तर झाकणाचे भोक बुजले आहे आणि दुरुस्ती तिथेच संपू शकते. नसेल तर बॉनेट उघडे ठेवून पाण्यात भिजवलेले कापड पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर गुंडाळावे. पाणी थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर ओतू नये. बिडाला तडा जाऊ शकतो. दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा.

पेट्रोल पोहोचते आहे आणि प्लगही ओले नाहीत, तर ठिणगी पाहावी. एअर फिल्टर जागेवर बसवून, जादा प्लग केबलला लावून त्याची धातूची बाजू कार्ब्युरेटरपासून दूर, ब्लॉकला टेकवावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी पिवळट, क्षीण किंवा गैरहजर असेल तर कॉइलवर ओले कापड ठेवून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. कॉइल थंड होताच ठिणगी परतली तर दोषी सापडला. बॅलास्ट (कॉइलबरोबर जोडलेला जादा रोध) नसलेल्या 12 व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध साधारण 3 ओहम असतो. तो गरम असताना खूपच वाढत असेल तर कॉइल बदलावी. कॉइल ठीक असेल तर संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर घ्यावा. ही लहानशी वस्तू गरम झाल्यावरच दगा देते आणि स्वस्त असते, म्हणून एक जवळ ठेवलेली बरी.

कायमच्या उपायांत सर्वांत आधी फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) पातळी आणि त्याने उघडणारा-मिटणारा निडल व्हॉल्व्ह पाहावा, कारण झिजलेल्या निडलमुळे बाउल आधीच काठोकाठ भरतो आणि मग थोड्या उष्णतेनेही ओसंडतो. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला बेकलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे ना, हे आवर्जून तपासावे. दुरुस्तीच्या वेळी तो तुटतो आणि त्याऐवजी नुसते कागदाचे पॅकिंग बसवले जाते, असे पुष्कळदा दिसते. एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याची आडोशी पट्टी लावावी, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून निदान चार बोटे दूर न्यावी आणि ती इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची घ्यावी. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि टायमिंग यांकडेही पाहावे. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलेले इंजिन विनाकारण तापते. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली बंद न करता इंजिन मिनिटभर आयडलवर चालवावे आणि थांबल्यावर बॉनेट उघडून ठेवावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी उन्हाळी दुपारीच घ्यावी. वीसेक किलोमीटर चालवून गाडी बंद करावी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबावे, मग सेल्फ मारावा, आणि लगेच हाच क्रम आणखी दोनदा करावा.