उथळ परळात जिवंत बाग कशी करावी

दिवाळीत अंगणात किल्ला उभारण्याची सवय असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हातभर जागेत डोंगर, वाट आणि तळे कसे मांडावे हे शिकवण्याची गरज नाही. मात्र किल्ल्यावर पेरलेली मोहरी दिवाळीपुरती हिरवी राहिली की काम भागते, तर परळात, म्हणजे मातीच्या पसरट, उथळ भांड्यात लावलेली बाग दोन-तीन वर्षे जगावी लागते. आणि माती कालवून, थापून, लिंपून घट्ट करण्याची किल्ल्याची रीत या बागेला मारक ठरते.

भांडे रुंद, उथळ आणि झिलई नसलेले मातीचे असावे. सुमारे ३० सेंटिमीटर व्यास आणि ८ ते १० सेंटिमीटर खोली पुरेशी होते. खानापूर कुंभारकामासाठी पूर्वीपासून ओळखले जाते, तिथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्थाही आहे. तेव्हा या भागात तरी परळासाठी प्लॅस्टिककडे वळण्याचे कारण नाही. परळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे आणि ड्रिलची ठोके देणारी सोय (हातोडा) बंद ठेवून, सावकाश, तळाला बोटाएवढी तीन-चार भोके पाडावीत. भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे ठेवले की झाले. भोक नसलेला काचेचा वाडगा दुकानात कितीही देखणा दिसला तरी या कामासाठी घेऊ नये. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला आणि तिथून काचेतल्या बागांची प्रथा वाढली हे खरे. पण झाकण लावलेल्या बरणीत तेच पाणी पुन्हापुन्हा फिरते, म्हणून ती बाग चालते. उघड्या वाडग्यात आपण वरून पाणी घालत राहतो आणि ते खाली साचत राहते.

रोपे एका स्वभावाची निवडावीत. हावर्थिया, जेड, सेडम, एचेवेरिया ही भरपूर उजेड मागणारी आणि कोरड्यात सुखी राहणारी मंडळी एका परळात. फिटोनिया, पेपरोमिया, पायलिया आणि लहान नेचे ही सावलीतली, ओलाव्याची मंडळी दुसऱ्या परळात. दोन्ही एकत्र लावून विकली जातात. ती घेऊ नयेत, कारण एकाला जगवण्याइतके पाणी दुसऱ्याला कुजवते.

आता मिश्रणाकडे येतो. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्याशी, आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. ‘तळाला दोन बोटे गोटे घाला, पाणी निचरून जाईल’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक रोपवाटिकेत ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. मातीच्या बारीक कणांमध्ये पाणी धरून ठेवले जाते आणि खालच्या गोट्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. वरची माती अगदी तळापर्यंत तुडुंब भिजल्यावरच ते थेंबाथेंबाने पुढे सरकते. म्हणजे गोट्यांमुळे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, तो फक्त दोन बोटे वर, थेट मुळांशी येऊन बसतो.

उथळ भांड्यात ही अडचण अधिकच जाणवते. पाणी ठिबकून थांबल्यावरही तळाशी जो चिंब थर उरतो, त्याची उंची कणांच्या आकारावर ठरते. भांडे किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. समजा ती चार सेंटिमीटर असेल, तर बादलीएवढ्या कुंडीत तिची दखलही घ्यावी लागत नाही, पण आठ सेंटिमीटरच्या परळात निम्मी बाग पाण्यात उभी राहते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी भांडी घासण्याचा स्पंज भिजवून तळहातावर आडवा धरावा, ठिबकणे थांबू द्यावे आणि मग तो उभा करावा. त्यातून आणखी पाणी ओघळते, कारण उंची वाढली.

म्हणून उपाय थरांत नाही, तर कणांच्या आकारात आहे. वीटभट्टीवरचे भाजलेले तुकडे आणून कुटावेत आणि सुमारे २ ते ६ मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतचा चुरा निवडावा. त्याहून बारीक भुकटी कटाक्षाने चाळून काढावी आणि उरलेला चुरा पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. हे कंटाळवाणे काम टाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण ती भुकटीच पोकळ्या बुजवते आणि सगळी मेहनत वाया घालवते. बारीक वाळू मिसळण्यानेही तेच होते. कोरड्यातल्या रोपांसाठी तीन भाग चुरा, एक भाग लाल माती आणि एक भाग चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्यावे. ओलाव्याच्या रोपांसाठी दोन भाग चुरा, एक भाग लाल माती आणि दोन भाग खत किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या झडीच्या पावसात चुरा एक भाग वाढवावा. अथणी, रायबागच्या कोरड्या हवेत खत अर्धा भाग वाढवले तरी चालते, मात्र तिकडची काळी माती परळात घालू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते.

रोपे लावण्यापूर्वी मिश्रणाची परीक्षा घ्यावीच. परळ भरून भरपूर पाणी ओतावे. दुसरा तांब्या ओतताना पाणी वर न थांबता काही क्षणांत खाली गेले पाहिजे. ठिबकणे पूर्ण थांबल्यावर परळ एका बाजूने चांगले तिरके करावे. चमचा-दोन चमचे पाणी आले तर ठीक. वाटीभर आले तर मिश्रण ओतून द्यावे आणि चुरा वाढवून पुन्हा करावे. रोपे लावल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

लावणी सोपी आहे: दगड आधी, रोपे नंतर, माती हलक्या हाताने. जांभ्याचा एखादा खडबडीत तुकडा मध्यापासून जरा बाजूला, एक तृतीयांश पुरून ठेवला की बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ आपोआप दिसू लागतो. चिनी मातीचे पूल, बदके आणि रंगीत खडे मला व्यक्तिशः सोसवत नाहीत. शेवाळ आपल्याच परसातल्या भिंतीचे घ्यावे. भीमगड अभयारण्यातून शेवाळ किंवा नेचे उपटून आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

परळ विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावे, म्हणजे भोके मोकळी राहतील. रोज पाणी शिंपडू नये. त्याने वरचा थर ओला दिसतो आणि मुळे कोरडी राहतात. उदबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खोचून दोन मिनिटांनी काढावी. कोरड्यातल्या बागेत काडी पूर्ण कोरडी निघाल्यावर आणि ओलाव्याच्या बागेत ती जेमतेम ओलसर निघाल्यावर, भोकांतून वाहेपर्यंत एकदाच पाणी द्यावे. एप्रिल-मेमधल्या वळवाने बिघडत नाही, परंतु जून ते सप्टेंबर कोरड्यातली बाग पागोळ्यांच्या आत, पण उजेडातच ठेवावी.

वाढलेले शेंडे वरचेवर खुडावेत. दोनेक वर्षांनी मुळे भोकांतून डोकावू लागली की सगळे काढून एक तृतीयांश मुळे छाटावीत. विटांचा चुरा धुऊन पुन्हा वापरता येतो, माती आणि खत मात्र नवे घ्यावे.