सस्तन प्राण्यांच्या गाईडला स्वतःची सूची करताय? या चुका टाळा

कोयना खोऱ्यातल्या एका वाडीवर रात्री कौलांवर खसफस झाली. "उदमांजर आलं बघा," घरमालक म्हणाले. मी गाईडच्या, म्हणजे प्राणी ओळखायच्या पुस्तकाच्या, मागच्या कोऱ्या पानावर केलेली माझी सूची उघडली, ‘उदमांजर’पुढचं पान काढलं, तर तिथे पाणमांजर! ते कशाला कौलावर येतंय? तोवर प्राणी फणसावर चढून दिसेनासा झाला.

चूक माझीच होती. उदमांजर हे नाव कुणी पाणमांजराला वापरतं, कुणी कांडेचोराला. अशा नावापुढे दोन्ही पानं लिहावीत आणि निवड करता येईल अशी एखादी खूणही: पाण्यातलं ते पाणमांजर, झाडाकौलांवरचं ते कांडेचोर. त्याच ओळीत जवादी मांजरही घालून टाका. शेपटीवर कडी दिसली तर जवादी; कांडेचोराची शेपटी बिनकड्यांची.

सगळ्यात मुरलेला घोटाळा कोल्ह्याचा. कोल्हा म्हणजे फॉक्स हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे फॉक्सच्या पानावर ‘कोल्हा’ लिहून आपण मोकळे होतो. ते पान खोकडाचं. आपला कोल्हा जॅकलच्या पानावर असतो.

एका प्राण्याची अनेक नावं असली की त्यातलं ‘शुद्ध’ नाव ठेवून बाकीची गाळायचा मोह होतो. गाळू नका. विदर्भातला माणूस रोही म्हणेल, नीलगाय म्हणणार नाही. रानकुत्र्याला कुणी कोळसून म्हणेल, कुणी ढोल. प्रत्येक नावाला वेगळी ओळ द्या आणि तिथेच पान लिहा. ‘कोळसून: रानकुत्रा पाहा’ हा शिष्टाचार छापील ग्रंथांना शोभतो, हातात टॉर्च असताना दोनदा शोधायला वेळ नसतो. खवले मांजरही ‘मांजर’खाली नको, ‘ख’खाली हवं. ते मांजर नाहीच. आणि इंग्रजी गाईडवरून उतरवताना ‘इंडियन’खाली लांडगा, ससा, खोकड, खवले मांजर अशी जत्रा भरवू नका.

पान उघडूनही प्राणी सापडत नसेल तर आधी दोन गोष्टी तपासा. तुम्ही चित्राच्या पानाचा (प्लेटचा) क्रमांक पुस्तकाचं पान म्हणून लिहिला आहे का? आणि आवृत्ती तीच आहे ना? सूचीच्या डोक्यावर आवृत्तीचं वर्ष टाकलं की हा प्रश्न मिटतो. शास्त्रीय नावावरून शोधत असाल तर जुनं नावही नोंदवा: सांबर जुन्या पुस्तकांत ‘सर्व्हस’ आहे, आता ‘रुसा’.

सगळं गाईड सूचीत आणायचा हट्ट धरू नका. भारतात सस्तन प्राण्यांच्या ४०० हून अधिक जाती आहेत, त्यातल्या शंभरावर नुसत्या वटवाघळांच्या. उडत्या वटवाघळाची जात नुसत्या डोळ्यांनी ओळखणं बहुतेकदा जमत नाही. त्यांना मिळून एक ओळ पुरे. वाचलेली जागा ठसे आणि विष्ठेला द्या, कारण प्राण्यापेक्षा तेच जास्त भेटतात. ‘ठसा, नखं उमटलेली’पुढे कोल्हा, लांडगा, तरस, ‘नखं नसलेली’पुढे बिबट्या, रानमांजर.

संगणकावर यादी लावत असाल तर ळ एकदा नजरेखालून घाला. वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, पण काही ठिकाणी ‘ल’ला चिकटून बसतो आणि काळवीट भलतीकडे जातं.

आणि पेन्सिलनेच लिहा. जेल पेनची माझी पहिली सूची पहिल्याच पावसात पुसली. वाचता येईल असं फक्त ‘भेकर’ उरलं, तेही पानाच्या आकड्याविना.