बायकांच्या रिस्पेक्टवर रॅप लिहिताय? मग या चुका टाळा

मी पहिला रॅप आईवर लिहिला होता, त्यात ती देवी, ती माउली, तिच्या डोळ्यांत पाणी असं सगळं ठासून भरलं होतं, आणि हेडफोन लावून तिला ऐकवला तर म्हणते, छान आहे रे, पण ही बाई कोण? मी कधी अशी रडत बसले? तेव्हा कळलं की राव आपण आईवर नाही, कॅलेंडरवरच्या फोटोवर लिहिलंय.

सगळ्यात कॉमन चूक हीच. बाईची देवी केली की तिला थकायची, चिडायची, चुकायची सोयच उरत नाही. अमेरिकन रॅपर टुपाकचं 1995 चं 'डिअर मामा' ऐका. त्याची आई अफेनी शकुर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीत होती आणि पुढे क्रॅक कोकेनच्या व्यसनात अडकली, तो हे गाण्यात लपवत नाही, व्यसनात होतीस तरी माझ्यासाठी राणीच होतीस असं सरळ सांगतो, म्हणून ते आतपर्यंत जातं. तुम्ही अडकलात तर 'त्याग', 'माया', 'अश्रू' हे शब्द बॅन करा आणि तिच्या हातातली वस्तू लिहा. लोकलचा पास, भिशीची वही, काहीही. माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये आई भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून भांडते, तो तिला आवडला.

दुसरी चूक खास आपली, मराठीवाल्यांची. 'ती' म्हटलं की क्रियापद 'ली'वर संपतं, आली, गेली, रडली, पडली, यमक फुकटात मिळतं ना, आणि सोळा बार (बार म्हणजे चार ठोक्यांची एक ओळ) ली-ली करत संपून जातात. बोअर तर होतंच, पण नीट बघा, त्या सगळ्या 'ली'मध्ये ती फक्त सोसतेय. क्रियापदांखाली रेघ मारा आणि मोजा, ती स्वतःहून काय काय करते? अमेरिकन रॅपर क्वीन लतीफाच्या 1993 च्या 'युनिटी'मध्ये रस्त्यात एकजण तिला नको तिथे हात लावतो आणि ती वळून त्याच्या डोळ्यावर ठोसा हाणते, बस्स, क्रियापद तिचं आहे (आणि या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं, उगाच नाही). यमकाचं अडलं तर 'ती'ची 'तू' करा, येतेस-जातेस, किंवा तिलाच 'मी' म्हणून बोलू द्या.

'घाबरू नको, मी आहे ना' टाइप हुक (गाण्यात परत परत येणारी ओळ)? काढून टाका, तो तुमच्यावरचा रॅप झाला.

मग ती हजेरी. जिजाऊ, सावित्री, अहिल्या, रमाई, एका दमात सगळी नावं. अरे, 90 बीपीएमवर (मिनिटाला 90 ठोके) 16 बार म्हणजे जेमतेम 43 सेकंद, त्यात एकच नाव धरा. शाळेत शिकवायला जाताना लोक अंगावर शेण फेकायचे म्हणून सावित्रीबाई जास्तीची साडी सोबत न्यायच्या, त्या एका साडीवर अख्खा व्हर्स (कडवं) उभा राहतो.

आणि हे तर खूप बघतो, हुकमध्ये रिस्पेक्ट आणि पुढच्याच व्हर्समध्ये हेटरला आईवरून शिवी. आपल्याकडे बहुतेक शिव्या आई-बहिणीवरूनच येतात, सवयीने तोंडात बसतात हे मान्य, पण डिसच (गाण्यातून समोरच्याची खेचणं) करायचाय तर त्याच्या फ्लोवर (शब्द फेकायच्या लयीवर) करा, ढापलेल्या बीटवर करा, फेक चेनवर करा, मटेरियल कमी आहे का? गाण्याबाहेर कसे वागता तेही लोक बघतात. टुपाकचंच घ्या, 'डिअर मामा' आलं त्याच वर्षी तो लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये जेलमध्ये होता, गाणं भारी आहे म्हणून ते काही पुसलं जात नाही.

अपलोड करायच्या आधी जिच्यावर लिहिलंय तिला एकदा ऐकवा, तिच्या घरातली गोष्ट तिला न विचारता टाकू नका. आणि हुक एखाद्या मुलीने गायला असेल तर तिचं नाव टायटलमध्ये द्या, डिस्क्रिप्शनच्या तळाला नाही, आणि हो, पैसे पण.